पोराला जीव लावलात, आता त्याच्या आईलाही लावा

खान्देशातल्या एका सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या अधिपरिचारिकेचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते. धडगावकडच्या एका पाड्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा सिकलसेलच्या दुखण्यानं वारंवार ॲडमिट होतो. त्याची शीर सहसा यांनाच सापडते, आणि सुईही तो यांच्याच हातून टोचून घेतो. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरगं सोबत जातं, औषध बंद पडतं, आणि 'तिकडून येतं ते थेट आमच्या कॉटवर'. मागच्या खेपेला आईच्या पिशवीत कॅप्सूलची न फोडलेली पाकिटं सापडली, तेव्हा या सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर कडाडल्या. आता यांच्या मनात आहे की शाळेच्या निमित्तानं मुलाला आपल्याच घरी ठेवून घ्यावं. नवरा तयार आहे. अकरा वर्षांची मुलगी फुरंगटून बसलीय. सासूबाई म्हणतात, "पराया पोरना इतला जीव कसाले लावस?" इन्चार्ज सिस्टर म्हणतात, पेशंटमध्ये गुंतायचं नसतं. 'माझी माया चुकतेय का? आणि त्याला घरी आणलं तर ते चुकेल का?' असं त्यांनी विचारलंय.

ताई,

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत, पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत. माया चुकत नाहीये. मुलाला घरी आणणं मात्र माझ्या मते चुकेल. ते का, हे सांगते. पण आधी तुमच्या इन्चार्ज सिस्टरांशी थोडं भांडू द्या.

'पेशंटमध्ये गुंतायचं नसतं' हे नव्या परिचारिकेला पहिल्याच महिन्यात ऐकवलं जातं. सांगणाऱ्या बायका काही दगडाच्या नसतात. त्यांनी फार कॉट रिकाम्या होताना पाहिलेल्या असतात आणि पुढच्या पोरीला तो त्रास होऊ नये असं त्यांना वाटतं. पण जीव लावला की काम बिघडतं, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. तुमच्या पत्रात तर नेमकं उलट दिसतं. तुम्ही लिहिलंय की हा मुलगा रडत नाही. दुखणं वाढलं की भिंतीकडे तोंड करतो, कॉटचा लोखंडी गज दोन्ही हातांनी धरतो आणि बोलायचं बंद होतो. राउंडला आलेल्यांना तो 'शांत झोपलेला' दिसतो. तो शांत नाहीये, असह्य झालंय, हे वॉर्डात फक्त तुम्हाला कळलं. तुम्ही डॉक्टरांना बोलावून आणलंत आणि औषध बदलून घेतलंत. हे जीव लावल्याशिवाय कळलं असतं का? मला नाही वाटत.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशींचा आकार विळ्यासारखा होतो. त्या कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ज्या भागाला रक्त पोचत नाही तो भाग ठणकायला लागतो. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही पेशी 10 ते 20 दिवसांतच मरते, म्हणून रक्तही कायम कमी. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आढळतो, त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही वॉर्डाला तो नवा नाही. तरीसुद्धा 'याला इंजेक्शनची सवय लागलीय', 'नाटक करतो' ही वाक्यं तुमच्या वॉर्डातही बोलली जातात, असं तुम्ही लिहिलंत. सूज नाही, जखम नाही, आणि दुखणं किती आहे हे सांगणारी रक्ताची तपासणीही नाही. म्हणजे मुलाच्या शब्दाखेरीज पुरावाच नाही, आणि शब्द आदिवासी मुलाचा असला की तो आणखी हलका पडतो. हे कटू आहे, पण आपल्याकडे असंच चालतं. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 साली सांगून ठेवलंय की असा रुग्ण दारात आला की तासाभरात वेदनाशामक मिळायला हवं, आणि दर अर्ध्या-एक तासानं पुन्हा विचारायला हवं. आपल्या वॉर्डात पन्नास कॉट आणि दोन सिस्टर, हे मला माहीत आहे. तरी 'आधी औषध, मग शंका' एवढा क्रम पाळायला जादा माणसं लागत नाहीत.

तेव्हा गुंतलात याची लाज बाळगू नका. मला वेगळीच काळजी वाटते.

तुमच्या पत्रात त्या मुलाविषयी किती बारकाईनं लिहिलंय! सलाईनच्या कोऱ्या नळीचा मासा विणून दिलात तर त्याला डोळा कुठं काढायचा हे तो सांगतो, इथपर्यंत. त्याच्या आईविषयी मात्र तीनच गोष्टी आहेत: ती औषध देत नाही, ती आधी भगताकडे जाते, आणि ती रात्री-अपरात्री फोन करते. तिसरी गोष्ट पुन्हा वाचा. पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून ती टेकडीवर चढून फोन लावते, असं तुम्हीच लिहिलंय. जी बाई रात्री टॉर्च घेऊन टेकडी चढते आणि विचारते की पोराचं अंग तापलंय, काय करू, तिला निष्काळजी कसं म्हणायचं?

मग पाकिटं का फोडली नाहीत? तुम्ही तिला ते विचारलं नाही, रागावलात. राग मी समजू शकते, पण कारण काहीही असू शकतं. ही कॅप्सूल म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. ती रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही देतात. 'पोराला कॅन्सरचं औषध चालू केलंय' असं तिला कुणी सांगितलं असेल, तर कुठली आई ते सुखासुखी देईल? शिवाय या औषधाचा गुण यायला काही महिने लागतात. आज कॅप्सूल दिली आणि उद्या पोर दुखण्यानं तळमळलं, तर औषध कुचकामी आहे असंच ती समजणार. पाकिटावर काय छापलंय ते तिला वाचता येत नाही, डिस्चार्जच्या घाईत कुणीतरी मराठीत भराभरा सांगितलं, आणि तिची भाषा पावरी.

इथं एक गोष्ट मला खटकली, ती स्पष्टच लिहिते. वॉर्डात पावरी कुणाला येत नाही, मुलगाच दुभाषी आहे, असं तुम्ही सहज लिहून गेलात. म्हणजे त्या दिवशी तुम्ही आईला जे बोललात, ते तिला कुणी सांगितलं? हातात सलाईन लावलेल्या त्या नऊ वर्षांच्या पोरानं. ज्या सिस्टरवर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास आहे तिचा राग त्यानं स्वतःच्या तोंडानं आईपर्यंत पोचवला. तुम्हाला हे तेव्हा सुचलं नसणार. पण पुढच्या वेळी दुसरं कुणी बघा. वॉर्डातला एखादा मामा, शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक, त्यांच्या गावची आशाताई फोनवर. आजाराचं, पैशाचं आणि चुकीचं बोलणं मुलाच्या तोंडून होऊ नये.

आता ऊसतोड. 'आईनं तरी मागं राहावं ना' असं तुम्ही म्हणता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती त्या जोडीवर. बायको मागं राहिली की कोयता अर्धा होतो, उचल फिटत नाही, आणि पुढच्या साली तेच कर्ज डोक्यावर घेऊन जावं लागतं. ती पोराला सोबत नेते कारण मागं ठेवायला कुणी नाही, किंवा कुणावर विश्वास नाही. यात तिची माया कमी पडते असं मला कुठंच दिसत नाही.

म्हणूनच तुमच्या घरी आणण्याचा बेत मला नको वाटतो. कागदाची अडचण तर आहेच. आई-वडील असलेलं मूल रुग्णालयातल्या ओळखीवर घरी ठेवून घेतलं, आणि एखाद्या रात्री त्याला रक्त चढवायची किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर संमतीची सही कोण करणार? मूल दुसऱ्याच्या घरी वाढवायचं झालं तर कायद्यानं ते बालकल्याण समितीच्या मार्फत व्हावं लागतं, आणि ती वाट ज्यांना आई-बाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठी आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर तुमची नोकरी, तुमचं नाव आणि त्या कुटुंबाचा दवाखान्यावरचा विश्वास, तिन्ही एकदम जातील. पण कागद सगळे नीट झाले असते तरी मी नको म्हटलं असतं. सातपुड्यातलं पोर शहरातल्या फ्लॅटमध्ये, भाषा वेगळी, भाकरी वेगळी, आणि घरात एक मुलगी आधीच डोळे वटारून. शिवाय मुलाला काय कळेल? की मला बरं ठेवणं माझ्या आईला जमलं नाही, म्हणून सिस्टरनं आणलं. तुम्हाला असं म्हणायचं नाहीये, पण त्याला तेच ऐकू येईल.

आता काय करता येईल ते बघू. हे तुमच्यासारख्या इतर परिचारिकांना आणि अशा मुलांच्या पालकांनाही उपयोगी पडेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी त्या आईशी पुन्हा बोला. माफी मागायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर मागितली असती, दुभाष्याला समोर बसवून. मग तिला विचारा, 'कॅप्सूल देताना अडचण काय येते?' आणि गप्प बसा. आपल्याला सल्ला द्यायची इतकी घाई असते की समोरच्याचं तिसरं वाक्य आपण कधी ऐकतच नाही.

त्यानंतर तिला शिकवा, एखाद्या नव्या सिस्टरला शिकवाल तसं. रोज औषध का द्यायचं, मधेमधे रक्त का तपासायचं, कॅप्सूल का फोडायची नाही, हाताळल्यावर हात का धुवायचे, आणि घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या कॅप्सूलला तिनं हात का लावू नये. मुलाला दिवसभर पाणी पाजत राहणं, थंडीत उसाच्या फडात त्याला ओल्या कपड्यात न ठेवणं, थंड पाण्यात डुंबू न देणं. दुखऱ्या जागी शेक चालतो, बर्फ चालत नाही. आणि कुठल्या वेळी घरी थांबायचंच नाही, हे तिला तोंडपाठ करून घ्या: 101 च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, पोट डावीकडे एकाएकी फुगून पोर पांढरंफटक पडणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, झटके. यातलं एक जरी दिसलं तरी 108 किंवा मिळेल ते वाहन, वेळ कुठलीही असो. तिच्याकडून उलट म्हणून घ्या. ती पावरीत सांगेल, दुभाषी तुम्हाला सांगेल, वेळ लागेल. पण एकदा तिला हे आलं की तुमच्या सुटीच्या दिवशीही त्या मुलाजवळ जाणतं माणूस असेल.

भगताला मधे घेऊन भांडू नका. 'त्याच्याकडे जाऊ नको' म्हटलंत तर ती जाईलच, फक्त तुम्हाला सांगायची नाही. 'जा, पण ताप असेल तर आधी दवाखाना' एवढंच म्हणा. भगत त्याच पाड्यावरचा असतो. आशाताईंनी त्याला ही लक्षणं समजावली तर तोच पोराला गाडीत बसवून देईल, असंही घडू शकतं.

दिवाळीच्या आधी, म्हणजे ट्रक भरण्याआधी, डॉक्टरांना गाठा. परत येईपर्यंतचं औषध एकदम देता येईल का, मधली रक्ततपासणी तिकडं कुठं होईल, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. बारडोली-सुरतेकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल भरपूर आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यांना तो अनोळखी नाही. मात्र केसपेपर हवा. सिकलसेलचं कार्ड, शेवटचा रिपोर्ट आणि चालू औषधाची चिठ्ठी, यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईजवळ द्या, मूळ कागद घरी.

शाळेचा विचार करायचा तर आश्रमशाळेचा करा. नंदुरबार आणि तळोद्याला आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं आहेत. मूल निवासी शाळेत राहिलं तर ऊसतोडीचे महिने त्याला फडावर जावं लागणार नाही. पण अधीक्षकांना आजार समजावून सांगितल्याशिवाय त्याला तिथं धाडू नका. पाण्याची बाटली वर्गात जवळ ठेवू द्यायची, लघवीला जाण्यावरून ओरडायचं नाही, थंडीत पहाटे गार पाण्यानं आंघोळ नाही, मैदानावर दमला की बसू द्यायचं आणि ताप आला की वाट बघायची नाही. हे डॉक्टरांच्या सहीनं लेखी गेलं तर वजन पडतं. आई-वडील नको म्हणाले तर तो विषय तिथंच सोडा. निर्णय त्यांचा आहे.

पैशापाण्याचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेलच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. कागद कुठले आणि अंतराची मर्यादा किती, ते आगारात विचारायचं. तुम्ही खिशातून तिकिटाचे पैसे देत आलात ते यात भागेल. हे सगळं तुम्ही एकटीनं करू नका, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. त्यांचं कामच ते आहे, आणि त्यांनाही कुणीतरी विचारलेलं बरं वाटतं.

आता तुमच्या मायेतली एक गोष्ट, जी मला खरोखर बदलायला हवी असं वाटतं. 'मी असताना तुला काही होणार नाही' असं तुम्ही त्याला म्हणता. ताई, हा शब्द तुमच्या हातातला नाही, आणि ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुमची आठ तासांची ड्युटी संपते, बदली होते, आणि या आजारात छातीचं दुखणं कधी उलटेल सांगता येत नाही. त्याला हे कळत नाही असं समजू नका. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ल्युकेमियाच्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर वॉर्डात बसून राहिल्या. त्यांचा अभ्यास 1978 साली प्रसिद्ध झाला. कुणी काही सांगितलेलं नसतानाही त्या मुलांना आपल्या आजाराची गंभीरता पुरती ठाऊक होती, आणि मोठ्या माणसांना त्रास नको म्हणून ती न कळल्यासारखं वागत होती. तुमचा छोटा प्रत्येक वेळी आल्या आल्या 'तुमची ड्युटी कधीपर्यंत?' विचारतो ना, ते काय उगाच?

त्याला तुमच्या हातात आहे तेवढंच सांगा. 'हा आजार पूर्ण जात नाही. औषध रोज घेतलंस तर दुखणं कमी वेळा येतं. दुखलं की सांग, मी तुझं खरं मानेन. सुई टोचायच्या आधी सांगेन, न सांगता टोचणार नाही.' नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पेलतं. आणि फक्त तुमच्याच हातून टोचून घेण्याची सवय हळूहळू मोडा. पुढच्या वेळी दुसऱ्या सिस्टरला शेजारी उभं करा, मग तिच्या हातात हात देऊन तुम्ही शेजारी उभ्या राहा. कुठली शीर सापडते, आधी हात शेकावा लागतो, दुखताना तो गप्प होतो, हे सगळं केसपेपरवर लिहा आणि ड्युटी बदलताना तोंडीही सांगा. ते माशाचं विणकामही शिकवून ठेवा कुणालातरी.

रात्रीच्या फोनचं म्हणाल तर नंबर बदलू नका, ते क्रूर होईल. पण तिला आशाताईंचा नंबर आणि 108 हे दोन आधी लावायला सांगा, तुमचा तिसरा. आणि घरी मुलीला एकदा वॉर्डातली ही गोष्ट सांगा. त्या मुलाला आपण घरी आणणार नाही हेही सांगा. तिला त्याचा राग नसावा. आपल्याला न विचारता घरात जागा करायला निघालेत, याचा असावा.

जाता जाता एक. आईच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी असते, असं एका ओळीत तुम्ही लिहिलंय. तिची तपासणी झाली का, हे पत्रात कुठंच नाही. आई-वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा अंश दोघांच्याही रक्तात असेल, तर प्रत्येक मुलामागं चारात एक शक्यता हा आजार असण्याची असते. 1 जुलै 2023 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ही तपासणी मोफत होते. तिला असेल तर पाच वर्षांच्या आत पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस यांनी जीव वाचतो, म्हणून ते आताच कळायला हवं. भाऊ पुढच्या खेपेला आला की त्याची शीर शोधण्याबरोबर तिच्याही बोटाचं रक्त घ्यायला लावा. पुढच्या बाळाचा विचार असेल तर गरोदरपणातच तपासणी होते, हेही तिच्या आईच्या कानावर घाला. नवरा सोबत असताना सांगा, म्हणजे दोष तिच्या एकटीच्या पदरात पडणार नाही.